४.१ गुण आणि गिळलेलं ‘नाही’

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेच्या मदत कक्षात सहा महिन्यांपूर्वी इंटरनेटवरून चालणारी नवी फोन यंत्रणा बसवली. पुरवठादाराच्या डॅशबोर्डवर आवाजाचा दर्जा रोज ४.१ दिसतो, तोही पाचपैकी. पण फोन घेणाऱ्या ताई म्हणतात, समोरचं नीट कळत नाही, दोन-दोनदा विचारावं लागतं. गावाकडून उलटी तक्रार येते, ‘तुमचं माणूस मधीच गप्प होतंय.’ मग खरं कोण, आकडा की माणसं? आणि फार खर्च न करता हे आपलं आपण मोजता येईल का?

माणसं खरी आहेत. आकडाही खोटा नाही, पण तुम्ही विचारताय त्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. फोनवरून जाणाऱ्या आवाजाची तपासणी करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. निम्मी यंत्रांपुढे, निम्मी हेडफोन लावून बसलेल्या माणसांना चहा पाजण्यात. शहाणपण आलं ते जास्त करून दुसऱ्या निम्म्यातून.

आधी त्या ४.१ चं बघू. तुमची यंत्रणा मी पाहिलेली नाही, तरी पैज लावतो की तुमच्या लाइनवर जी.७२९ हा कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बसवून पाठवायची पद्धत, चालू आहे. यात जादू काही नाही, साधी वजाबाकी आहे. डॅशबोर्डवरचे असे आकडे बहुतेक वेळा ‘ई-मॉडेल’ नावाच्या सूत्रातून येतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, म्हणजे आयटीयूची, जी.१०७ ही शिफारस आहे, तिच्यात ते दिलंय. सूत्र सुरू होतं ९३.२ गुणांपासून. सगळं आलबेल असलेली साधी टेलिफोन लाइन म्हणजे ९३.२. मग एकेक दोषाचे गुण कापत जायचे. उशीर झाला, कापा. प्रतिध्वनी आला, कापा. आवाज दाबून पाठवला, त्याचे कापा. जी.७११ म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट घेणारा जुना, ऐसपैस कोडेक. त्याची कापणी शून्य. जी.७२९ तोच आवाज ८ किलोबिटमध्ये बसवतो, त्याचे १०-११ गुण जातात. उरले ८२-८३. हे शंभरातले गुण पाचच्या मापात बदलायचं ठरलेलं समीकरण आहे, त्यात घातले की येतात ४.१.

म्हणजे तुमच्या डॅशबोर्डने सहा महिन्यांत एक शब्दही ऐकलेला नाही. कोणता कोडेक आहे, आवाजाचे जे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटं, नेटवरून जातात त्यांतली किती हरवली, किती उशिरा पोचली, एवढंच मोजून ‘अशा लाइनवर माणसांना साधारण इतपत बरं वाटावं’ असा हिशेब त्याने मांडला. हे सूत्र मुळात जाळं उभारण्याआधी आखणी करण्यासाठी आहे. तिथे ते फार उपयोगी पडतं. चालू कॉलचा कान म्हणून ते वापरणं म्हणजे बैलजोडीची किंमत कागदावरच्या वजनावरून ठरवण्यासारखं आहे.

जाता जाता, याच सूत्रात एक सवलतीची जागा आहे. फोन कुठेही नेता येतो, किंवा जिथे दुसरी काही सोयच नाही तिथे लागतो, म्हणून माणूस खराब आवाज सहन करतो; त्या सहनशक्तीचे गुण वाढवून द्यायची. वायरच्या फोनला शून्य, इमारतीत फिरता फोन असेल तर ५ पर्यंत, चालत्या गाडीत १० पर्यंत आणि फारच दुर्गम जागी २० पर्यंत. चंदगडच्या टोकाला डोंगरकड्यावर उभं राहून रेंज पकडणारा माणूस खरखर खपवून घेतो, हे खरंच आहे. पण तुमच्या डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये ही जागा शून्य आहे का, ते विचारून घ्या. नसेल तर का नाही, तेही विचारा.

आता मूळ माप काय होतं ते सांगतो. मीन ओपिनियन स्कोअर, आमच्या तोंडात ‘मॉस’, म्हणजे माणसांच्या मतांची सरासरी. पद्धत आयटीयूच्या पी.८०० या शिफारशीत आहे, १९९६ सालची. शांत खोलीत माणसांना बसवायचं, लाइनवरून आलेली छोटी वाक्यं ऐकवायची आणि प्रत्येक नमुन्यानंतर एकच प्रश्न विचारायचा, आवाजाचा दर्जा कसा वाटला? पाच उत्तरं, पाच ते एक गुण. सरासरी काढा, झाला मॉस. ऐकायला इतकं सोपं वाटतं की कुणालाही वाटावं, दुपारी जेवण झाल्यावर उरकू.

मीही तसंच उरकायला गेलो होतो. पाच उत्तरांची मराठी करताना मधल्या उत्तराला, म्हणजे तीन गुणांच्या पायरीला, मी ‘बरा’ हा शब्द ठेवला. शब्दकोशात चुकीचा नव्हता. पण कोल्हापुरात ‘बरं हाय की’ ही तक्रार नसते, पसंती असते. स्थळ बघून आलेला माणूसही ‘बरं हाय’ म्हणतो आणि महिन्याभरात लग्नपत्रिका येते. परिणाम असा झाला की ज्यांना आवाज चांगला वाटला त्यांतले कितीतरी जण ‘बरा’वर खूण करून मोकळे झाले, आणि ‘चांगला’ची पायरी ओस पडली. त्याच फायली घेऊन पुण्यात बसवलेल्या गटाचे आकडे वेगळे आले. लाइन तीच, फायली त्याच, फरक एका शब्दाने पाडला. तेव्हापासून मी ‘उत्तम, चांगला, मध्यम, खराब, अगदी खराब’ असं ठेवतो. ‘मध्यम’ला शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा वास येतो, पण तो वर आहे की खाली यावरून कुणाचा घोळ होत नाही.

म्हणून सांगतो, एका ठिकाणचा मॉस उचलून दुसऱ्या ठिकाणच्या मॉसशेजारी ठेवू नका. ३.८ हा आकडा लाइनच्या अंगात नसतो. अमुक माणसांना, अमुक शब्दांत, अमुक नमुन्यांच्या संगतीत विचारलं तेव्हा ३.८ आलं, एवढाच त्याचा अर्थ. संगतीचं तर फारच चालतं. साधा टेलिफोनचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झमधला. नुसते तसलेच नमुने ऐकवले तर त्यातल्या स्वच्छ नमुन्याला लोक सढळ हाताने चार-साडेचार देतात. त्याच बैठकीत ५० ते ७००० हर्ट्झचे, आता मोबाइलवर ‘एचडी’ म्हणून मिळतात तसे, चार नमुने मिसळा. मघाचाच स्वच्छ नमुना खाली घसरतो. त्याचं काही बिघडलेलं नसतं, शेजारी गोरा आला एवढंच.

दुसरा अनुभव सौजन्याचा. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये चाचणी चालू होती. एका मावशींनी चोवीसच्या चोवीस नमुन्यांना पाच दिले. त्यांत एक नमुना असा होता की निम्मी अक्षरं गायब. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘पोरगी एवढं गोड बोलत्या, कशाला तिचं मार्क कापायचं?’ त्यांनी माणसाला गुण दिले होते, लाइनला नाही. दोष माझाच, कारण सूचना मी अर्धवट दिली होती. आता सुरुवातीलाच वाचून दाखवतो, ‘बोलणाऱ्याला गुण द्यायचे नाहीत. तो माणूस तुम्हाला चांगला वाटो, वाईट वाटो. मधल्या वाटेने आवाजाचं काय केलं त्याला गुण द्या.’ आणि वाचूनच दाखवतो, दर वेळी तेच शब्द. तोंडी सांगायला गेलं की तिसऱ्या गटापर्यंत सूचना बदललेली असते.

तुमच्या कामासाठी मात्र दर्जाचा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवेन. पी.८०० मध्येच आणखी एक मोजपट्टी आहे, तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. अर्थ लागायला किती जोर लावावा लागला? पाच म्हणजे आरामात कळलं, काहीच ताण नाही. एक म्हणजे कितीही कान दिला तरी अर्थच लागला नाही. तुमच्याकडे कुणी गाणं ऐकायला फोन करत नाही. आवाज गोड नसला तरी चालेल, दोनदा विचारावं लागता कामा नये. तुमच्या ताईंची तक्रारही दर्जाची नाहीच, जोराची आहे. दिवसभर असा जोर लावून ऐकणारं माणूस चार वाजेपर्यंत गळून जातं, आणि मग चुका होतात.

कसल्या चुका, ते जवळून दाखवतो. जी.७२९ सोबत बऱ्याच ठिकाणी एक बचतीची सोय चालू ठेवलेली असते. माणूस बोलत नसेल तेव्हा पाकिटंच पाठवायची नाहीत. बोलतोय की गप्प आहे हे यंत्र मुख्यतः आवाजाच्या जोरावरून ठरवतं. आता आपली भाषा बघा. मराठीत क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेवटी. वाक्य संपत येतं तसा आवाज खाली येतो, श्वास संपतो, आणि नेमकं तिथेच ‘नाही’ बसलेलं असतं. फोन करणारा गोठ्यातून बोलतोय, ‘म्हैस व्याली पहाटं, वार पडली न्हाई.’ यंत्राला वाटलं, आवाज बारीक झाला, म्हणजे संपलं. फाटक बंद. ताईंना ऐकू आलं, ‘वार पडली.’ वार म्हणजे व्याल्यावर बाहेर पडायला हवा तो जार. जनावरांच्या डॉक्टरला आज पाठवायचं की नको, हे त्या एका गिळलेल्या शब्दावर ठरतं. ‘उठत नाही’, ‘चारा खात नाही’, ‘अजून गाडी आली नाही’, तुमच्याकडची निम्मी वाक्यं याच घडणीची असणार. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्ये येतो, आणि इंग्रजी वाक्यांवर पास झालेली यंत्रणा आपल्याकडे का अडखळते याचं एक कारण इथे आहे.

सुरुवातीलाही तेच. फाटक उघडायला क्षणभर उशीर झाला की पहिलं नाजूक व्यंजन जातं. ‘साठ’मधला ‘स’ गेला की उरतो ‘आठ’. दुधाच्या लिटरात एवढा फरक पडला तर भांडण ठरलेलंच. त्यात ‘स’चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो आणि टेलिफोनची पट्टी ३४०० वर संपते, म्हणजे तो आधीच अर्धमेला होऊन आलेला.

डॅशबोर्डला हे दिसत का नाही? हिशेब करा. एका पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. पाच मिनिटांच्या कॉलमध्ये १५,०००. घाईत म्हटलेलं ‘नाही’ साधारण २०० मिलिसेकंदांचं, म्हणजे दहा पाकिटांचं. ती दहा एकापाठोपाठ हरवली तर टक्केवारी येते ०.०७. डॅशबोर्ड ते शून्य म्हणूनच दाखवेल. आणि फाटक बंद झाल्यामुळे शब्द गेला असेल तर पाकीट हरवलेलंच नसतं, कारण ते निघालंच नव्हतं. टक्केवारी खरोखरची शून्य, गुण ४.१, आणि म्हैस तशीच.

गावाकडची ‘मधीच गप्प होतंय’ ही तक्रारसुद्धा याच सोयीची दुसरी बाजू असावी. ताई नोंद लिहायला थांबतात, पाकिटं थांबतात, आणि समोरच्याच्या कानात ठार शांतता पसरते. फोनवर नेहमी एक बारीक खसखस असते, ती आहे तोवर लाइन जिवंत आहे असं आपण धरून चालतो. ती गेली की माणूस ‘हॅलो, हॅलो’ सुरू करतो किंवा फोन ठेवून देतो. म्हणून चांगल्या यंत्रणा त्या रिकाम्या जागेत मुद्दाम कृत्रिम खसखस भरतात. तुमच्याकडे ती बंद असेल.

आता मोजायचं कसं. चाचणीच्याही आधी एक फुकटचं काम करा. प्रत्येक ताईंना एक वही द्या आणि आठ दिवस तक्रारीचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगा. ‘आवाज खराब’ असं लिहायचं नाही. समोरचा म्हणाला तेच. आपल्या लोकांकडे या दोषांसाठी इतके नेमके शब्द आहेत की कित्येकदा मला यंत्र लावायच्या आधीच रोग कळलाय. ‘आवाज तुटतोय’ म्हणजे पाकिटं हरवतायत. ‘मडक्यात तोंड घालून बोलल्यागत’ म्हणजे समोरचा फोन स्पीकरवर टाकून रिकाम्या खोलीत बसलाय. ‘माझंच मला ऐकू येतंय’ म्हणजे प्रतिध्वनी, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याच्या नव्हे, दुसऱ्या टोकाला असतं. ‘पाण्याखालनं बोलल्यागत’ ऐकलं की मी गोंगाट दाबणाऱ्या फिल्टरकडे बघतो. ‘फाटतोय’ म्हणजे कुठेतरी आवाजाची पातळी गरजेपेक्षा वर ठेवलीय. ‘लांबनं येतोय’ म्हणजे ती खाली आहे.

वही भरेपर्यंत वाक्यं तयार करा. वाक्यं तुमच्याच कामातली हवीत, पण अर्थाने एकमेकांशी जोडलेली नकोत, नाहीतर ऐकणारा पहिल्यावरून दुसरं ओळखतो. दोन-तीन सेकंदांची दोन वाक्यं, मध्ये थोडा विराम, सगळा नमुना मिळून आठेक सेकंद. बोलणारे चार, दोन बायका, दोन पुरुष. शक्य असेल तर एक जण चंदगड-आजऱ्याकडचा घ्या आणि एक शिरोळकडचा, कारण तुमचे फोन दोन्हीकडून येतात आणि हेल वेगळे आहेत. नकाराने संपणारी आणि आकड्यांची वाक्यं मुद्दाम भरा. वाचून दाखवल्यासारखं बोलू देऊ नका. गोठ्यात बोलतात तसं, शेवट खाली सोडून. ध्वनिमुद्रण शांत खोलीत करा, पंखा बंद, सगळ्यांची पातळी सारखी. पातळीकडे दुर्लक्ष केलंत तर सगळी चाचणी पाण्यात, कारण जरा मोठ्याने वाजणारा नमुना लोकांना चांगलाच वाटतो, मग त्यात काही का असेना.

हे नमुने एका मोबाइलवरून तुमच्या यंत्रणेत वाजवा आणि ताईंच्या हेडसेटपाशी मुद्रित करा. परिस्थिती सहा पुरतात. मूळ स्वच्छ आवाज. जी.७११. आजची यंत्रणा आहे तशी. आजचीच, पण गप्पपणाची बचत बंद करून. आजचीच, पण गोंगाट फिल्टर बंद करून. आणि सहावी म्हणजे मुद्दाम बिघडवलेली, चांगली सणसणीत. ही सहावी लोक गाळतात, पण तिच्याशिवाय ऐकणाऱ्याला मोजपट्टीचं खालचं टोक कळत नाही आणि सगळं तीन-चारमध्ये घुटमळतं. सहा परिस्थिती गुणिले चार आवाज, चोवीस नमुने. नमुन्यामागे पंधरा सेकंद धरले तरी एका माणसाचे सहा-सात मिनिटांत होतात. त्याआधी पाच-सहा नमुने सरावाचे, ज्यांचे गुण धरायचे नाहीत. क्रम प्रत्येकाला वेगळा.

नमुने इकडून तिकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका. ते आवाज स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबतं, आणि मग तुम्ही तुमची लाइन न मोजता व्हॉट्सॲप मोजत बसता. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ऐकणारे चोवीस घ्या. संगणक विभागातलं कुणी नको, यंत्रणा निवडणाऱ्या समितीतलं तर अजिबात नको. नियम असा आहे की या कामाशी थेट संबंध असलेला माणूस ऐकायला बसवायचा नाही, गेल्या सहा महिन्यांत कुठल्याही मतचाचणीला किंवा गेल्या वर्षभरात अशा ऐकण्याच्या चाचणीला बसलेलाही नाही, आणि तीच वाक्यं आधी ऐकलेला तर नाहीच नाही. ताईंचा गट वेगळा करा, बाहेरच्यांचा वेगळा. ताईंचे कान तयार झालेले असतात, अर्धं वाक्य गिळलं तरी त्या सवयीने भरून काढतात. ‘नवी यंत्रणा’, ‘जुनी यंत्रणा’ हे शब्द खोलीत उच्चारायचे नाहीत. आणि चहा चाचणीनंतर. आधी दिलात तर एक-दोन गुण कुणी देत नाही, आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची पद्धत आहे.

जागा मिळेल तशी चालते असं मानू नका. उद्यमनगरात एकदा एका कचेरीची मागची खोली मिळाली होती, बघताना शांत वाटली. अकराच्या सुमाराला पलीकडच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला. अकराच्या आधी बसलेल्यांचे आणि नंतर बसलेल्यांचे आकडे जुळेनात, अख्खा दिवस फुकट गेला. दुपारी बंद असणाऱ्या एखाद्या वाचनालयाची खोली, जाड पडदे, बंद पंखे, चांगले कानभर हेडफोन, बस्स.

आकडे आल्यावर दशांशाच्या मागे लागू नका. अशा चाचण्यांत एकेका मताचं विचलन, म्हणजे सरासरीपासूनचं साधारण अंतर, ०.९ च्या आसपास असलं तर नवल नाही. चोवीस माणसांनी चार-चार आवाज ऐकले म्हणजे एका परिस्थितीची ९६ मतं. त्यावरून ९५ टक्के खात्रीची हद्द येते साधारण अधिक-उणे ०.१८, आणि एकाच माणसाची चार मतं एकमेकांना धरून असतात म्हणून खरी हद्द त्याहून थोडी रुंदच. तेव्हा ३.६ आणि ३.७ मध्ये कुणी जिंकलं नाही. पुरवठादार तुम्हाला ‘०.१ ने सुधारणा’ दाखवायला लागला तर मतं किती होती, एवढं विचारा. आणि सरासरीच्या पोटात बघा. सगळ्यांनी तीन दिले तरी सरासरी तीन, निम्म्यांनी पाच आणि निम्म्यांनी एक दिला तरी तीनच. मी एक आणि दोन गुणांची मतं शेकडा किती, हा आकडा आधी बघतो. तक्रारी तिथून येतात.

या सगळ्यात ‘कळलं का’ हे मतावर सोडायचं नसेल तर शब्दजोड्यांची चाचणी जोडा. एका व्यंजनाने वेगळे असलेले दोन शब्द कागदावर छापायचे, एक ऐकवायचा, ऐकला त्यावर खूण. गडी–घडी, कडी–खडी, ताट–थाट, पळ–फळ, साल–शाल. इंग्रजीत अशा तयार याद्या आहेत, पण त्या आपल्या कामाच्या नाहीत. महाप्राण आणि अल्पप्राण यांचा भेद हा आपला दुखरा भाग, आणि तो आपल्याच शब्दांनी तपासावा लागतो. इथे मत नाही, बरोबर की चूक एवढंच. आवाज कानाला खरखरीत लागूनही शब्द शंभर टक्के कळतात असं होतं, आणि फिल्टरने घासूनपुसून गोड केलेला आवाज ‘शाल’ची ‘साल’ करतो असंही होतं.

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर, गगनबावड्याकडचे पावसाळ्यातले फोन वेगळे काढून बघा. गोठ्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज आणि ‘स’, ‘श’चा आवाज, दोन्ही फुत्काराच्याच जातीचे. फिल्टर पाऊस पुसायला जातो आणि सोबत व्यंजनंही पुसतो. अशा यंत्रणेला एकच प्रश्न विचारून भागत नाही, म्हणून २००३ मध्ये पी.८३५ ही वेगळी पद्धत आली. तोच नमुना, तीन प्रश्न. बोलणं स्वतः किती बिघडलं? मागचा गोंगाट किती टोचतो? आणि एकूण कसं? तिन्हींत जास्त गुण म्हणजे चांगलं. पहिल्याचे गुण पडले आणि दुसऱ्याचे चढले की समजा, फिल्टर फार हावरट आहे.

माणसं न बसवता मोजणारी यंत्रं आहेतच. २००१ मध्ये आलेलं पेस्क, म्हणजे पी.८६२, आणि त्यानंतर २०११ चं पोल्का, पी.८६३. ही मूळ फाइल आणि लाइनवरून आलेली फाइल शेजारी ठेवून, माणसाच्या कानाला काय जाणवेल याचं गणित करून गुण देतात. ई-मॉडेलपेक्षा ही कितीतरी बरी, निदान आवाज ऐकतात तरी. चाचणी एकदा माणसांवर करून ठेवली की नंतर दर आठवड्याला लाइनवर नजर ठेवायला मी अशीच यंत्रं वापरतो. पण त्यांना मराठी येत नाही. ‘नाही’ गेलं काय आणि वाक्याच्या मधला एखादा ‘आणि’ गेला काय, त्यांच्या लेखी दोन्ही २०० मिलिसेकंदांचीच गळती.

शिवाय ती उशीर मोजत नाहीत, आणि तुमची वर सांगितलेली चाचणीही मोजत नाही, कारण त्यात माणूस नुसता ऐकतो, बोलत नाही. आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांत पोचला तर बोलण्यात खीळ सहसा बसत नाही, असं जी.११४ सांगते, ४०० च्या वर जाऊ देऊ नये. मधल्या पट्ट्यात काय होतं ते तुम्ही रोज ऐकता. दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, ‘हां बोला’, ‘नाही नाही, तुम्ही बोला’. आपल्याकडे समोरचा बोलत असताना ‘हं, व्हय, बरं’ अशी भर घालायची सवय फार. उशिराच्या लाइनवर तो ‘व्हय’ पुढच्या शब्दावर आदळतो. हे तपासायला दोन खोल्यांत दोन माणसं बसवून त्यांना खरं काम द्या, एकाकडे गाडीचं वेळापत्रक, दुसऱ्याकडे गावांची यादी, पाच मिनिटांत जुळवा म्हणावं. नंतर दोघांना गुण विचारा आणि ‘काय म्हणालात?’ किती वेळा आलं ते मोजा. मला या दोनपैकी दुसरा आकडा जास्त प्यारा आहे.

तुम्हाला उद्याच काही करायचं असेल तर पुरवठादाराला सांगून मुख्य कचेरीतल्या दोन टेबलांवर गप्पपणाची बचत बंद करा आणि कोडेक जी.७११ वर आणा. दोन टेबलांना बँडविड्थचा बोजा काहीच नाही. बाकीची टेबलं आहेत तशी ठेवा, ताईंना कोणती टेबलं बदलली ते सांगू नका आणि रोज बसायच्या जागा बदला. आठ दिवसांनी वह्या उघडून ‘परत सांगा’ कुठल्या टेबलावर किती वेळा लिहिलंय तेवढं मोजा, आणि आकडे मला कळवा. वाक्यांची यादी करायला घ्याल तेव्हा तीही पाठवा. नकाराची वाक्यं किती भरलीत ते मी बघून देतो.